बिनफोडणीचा हिवाळा

आमच्या घरात मोहरी तडतडायची कधी बंद झाली ते मला नेमकं सांगता येतं. बैठकीच्या खोलीत सोफ्यावर एक पोलीस बाई बसल्या होत्या, शेजारी बाबा, समोर मी, आणि चहाचा ट्रे घेऊन आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाईंनी विचारलं, आवाज कसा होता. मी म्हणाले, तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यावर होतो तसा. बाईंना ते कळलं नाही. त्यांनी लिहिणं थांबवून बाबांकडे पाहिलं, आणि बाबा त्यांना जर्मनमध्ये मोहरीचे दाणे, तेल, छोटं कढलं असं समजावू लागले. आईला मात्र कळलं. तिला जर्मन बेताचंच येत होतं, पण एवढं कळायला ते पुरेसं होतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती आत गेली. त्या संध्याकाळी पानात वरण आलं ते नुसतं, पिवळं, वर तुपाचा ठिपका. त्यानंतर सबंध हिवाळा आमच्या घरात फोडणी झाली नाही.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरापासून बसने थोड्या अंतरावर असलेल्या गावात आम्ही राहत होतो. इमारत तीन मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली फ्राऊ केसलर नावाच्या बाई. बाबा मोटारींच्या आवाजांवर काम करायचे. गाडीत कुठे काय खडखडतं, कुठला स्क्रू कुठल्या वेगाला गुणगुणतो हे शोधून तो आवाज बंद करायचा, हे त्यांचं काम. आई म्हणायची, नवरा दिवसभर आवाज मारतो आणि घरी येऊन घोरतो. त्या शरद ऋतूपर्यंत आमचं घर आवाजांचं होतं. सकाळी कुकर, दुपारी मिक्सर, संध्याकाळी फोडणी, आणि आई फोनवर पुण्याच्या मामाशी बोलायची ती तारेशिवायही पुण्यात ऐकू जाईल अशा स्वरात. फोडणीचा मला राग होता. आवाजाचा नव्हे, वासाचा. हिंग-कढीपत्त्याचा वास माझ्या कोटात बसायचा आणि बसमध्ये माझ्याबरोबर चढायचा. म्हणून मी रोज शाळेतून आल्यावर कोट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बाल्कनीत टांगत असे. फ्राऊ केसलर यांचाही राग वासावरच होता. त्यांनी एकदा जिन्यातल्या फलकावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती की स्वयंपाक करताना कृपया खिडक्या उघडाव्यात. नाव कुणाचं नव्हतं. गरजही नव्हती, बाकी सगळे बटाटे उकडणारे होते.

त्या सकाळबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. एक तर मी विमा कंपनीत आकडे तपासते, आणि ज्या आकड्याला आधार नाही तो खोडायची मला सवय आहे. दुसरं म्हणजे मी पाहिलं फार कमी. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी बंदूक घेऊन आत आला. त्याचं नाव मी लिहिणार नाही, वर्तमानपत्रांनी त्याला हवी तेवढी जागा दिली आहे. गाण्याचे शिक्षक आणि दहावीतल्या दोन मुली गेल्या. मी आणि माझी मैत्रीण लेना, मधल्या सुट्टीतून नुकत्याच आत आलेल्या, कोट अंगावरच होते, रसायनशास्त्राच्या वर्गामागच्या सामानाच्या खोलीत स्टँड आणायला गेलो होतो. पहिला आवाज झाला तेव्हा मला खरोखरच वाटलं की कुणीतरी फोडणी देतंय. नंतर पळणारे पाय ऐकू आले. लेनाने दिवा बंद केला, मी दाराला कडी घातली आणि आम्ही कपाटाच्या मागे जमिनीवर बसलो. मी आवाज मोजत होते. का, ते माहीत नाही, पण मोजले. पुढे पोलिसांनी सांगितलेला आकडा माझ्यापेक्षा निराळा होता. आम्ही तिथे किती वेळ होतो, तेही लेनाने एक सांगितलं, मी दुसरं. तेव्हा ते राहू दे. एक गोष्ट मात्र दोघींनी सारखी सांगितली. सगळा वेळ लेनाचं तोंड माझ्या कोटाच्या बाहीत होतं. ती बाही चावत होती, म्हणून तिचा आवाज बाहेर गेला नाही.

आदल्या दिवशी मी कोट पिशवीत घालायला विसरले होते.

त्यानंतर शाळेने पालकांची सभा घेतली. मानसोपचारतज्ज्ञ बाई बोलल्या, आणि बाबा तिथून घरी आले ते काम मिळालेल्या माणसासारखे. बाई काय म्हणाल्या असतील ते मला नंतर कळलं, कारण पुढे त्याच बाईंकडे मी वर्षभर गेले. मुलांना अचानक होणाऱ्या आवाजांचा त्रास होईल, तो समजून घ्या, आणि हळूहळू, आधी सांगून, त्यांना परत आवाजांची सवय होऊ द्या. बाबांनी यातला पहिला भाग घेतला. घरातले आवाज बंद करायचे. हे त्यांना येत होतं. त्यांनी ऑफिसमधून आवाज मोजायचं यंत्र आणलं आणि शनिवारभर घरात फिरले. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरीचे तुकडे लागले. दारांच्या चौकटींना रबर लागलं. दाराची घंटा काढून तिथे दिवा आला, बटण दाबलं की स्वयंपाकघरात हिरवा प्रकाश लागायचा. कुकरची शिट्टी मोजून झाल्यावर त्यांनी आईकडे नुसतं पाहिलं. आईने कुकर उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि पुढचे महिने डाळ साध्या पातेल्यात तासन् तास शिजत राहिली. मिसळणाच्या डब्यातली मोहरीची वाटी मी एकदा उघडून पाहिली, तर तिच्यात जिरं होतं. म्हणजे डब्यात दोन वाट्या जिऱ्याच्या. त्या दोन वाट्या पाहून मला जे वाटलं ते मी कुणाला बोलले नाही. मोहरीसुद्धा घराबाहेर गेली, आणि माझ्यामुळे गेली.

पुण्याहून मामीचा फोन आला की पोरीची दृष्ट काढ. आई तसलं फारसं मानणारी नव्हती, पण त्या दिवसांत ती कुणाचंही ऐकत होती. मीठ-मिरच्या माझ्यावरून ओवाळून झाल्या आणि मग ती थबकली. विस्तवावर टाकायच्या तर विस्तव नाही. तापलेल्या तव्यावर टाकल्या तर तडतडणार. शिवाय कायद्याची सक्ती होण्याआधीच बाबांनी छताला धुराची घंटा लावली होती. आई मूठ मिटून बराच वेळ उभी राहिली, आणि शेवटी खाली जाऊन तिने माझी दृष्ट ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकली. वर आल्यावर हात धुताना म्हणाली, "झालं, वर्गीकरण करून टाकली." हिवाळाभरात मी हसले अशा थोड्या वेळांपैकी ती एक.

जेवण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मऊ भात, मेतकूट, नुसतं वरण, दह्यात कालवलेली काकडी, उकडलेली भाजी. आई फ्राऊ केसलर यांच्याकडून बटाट्याचं सूप शिकून आली. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण तेव्हा मला कशातच नवल वाटत नव्हतं. बाबा खाली मान घालून जेवायचे, आणि खुर्ची मागे सरकवायचे ती त्या लोकरीमुळे आवाज न करता. इतक्या शांततेत मला सगळंच जास्त ऐकू यायचं. खालच्या मजल्यावरचं कपाट, बाहेर गाडीचं दार, लिफ्ट नसलेल्या जिन्यात अनोळखी बूट. एकतीस डिसेंबरला इथे घरोघर फटाके उडतात, म्हणून बाबांनी आम्हाला उत्तर समुद्रातल्या एका बेटावर नेलं, जिथे गवताच्या छपरांमुळे फटाक्यांना बंदी असते. आम्ही तिघं वाऱ्यात उभे राहून समुद्र पाहत होतो आणि मी आवाजाची वाट पाहत होते. आला नाही. वाट पाहणं थांबलं नाही.

मागच्या महिन्यात हॅम्बर्गमध्ये माझ्या मुलीच्या शाळेत धोक्याच्या घंटेचा सराव झाला. ती घरी येऊन शांतपणे सांगत होती, दार कसं लावायचं, कुठे बसायचं, फोन कसा बंद ठेवायचा. मी मराठीत विचारलं, भीती वाटली का. तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं की कंटाळा आला. मला बरं वाटलं. मग तिने विचारलं की तुमच्या वेळी सराव होता का, आणि मी म्हणाले, नव्हता. तेवढ्यावर ते थांबलं. हे प्रकरण मी त्यानंतर लिहायला घेतलं.

हिवाळ्यात आमची शाळा शेजारच्या गावातल्या एका तंत्रशाळेच्या रिकाम्या खोल्यांमध्ये भरायची. तिथे मी जात होते, कारण ती आमची इमारत नव्हती आणि लेना शेजारी बसायची. लेना फार बोलायची नाही. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची. फेब्रुवारीत कधीतरी तिने माझ्या बाहीला नाक लावलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाली, "तुझ्या कोटाला आता कशाचाच वास येत नाही." मी म्हणाले, बरंय ना मग. ती म्हणाली, "नाही." एवढंच. त्या खोलीत तिला काय वास येत होता ते तेव्हा तिने मला पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या घराचा. डोळे मिटून मी तुमच्या स्वयंपाकघरात बसले होते.

ईस्टरच्या सुट्टीनंतर शाळा जुन्या इमारतीत परत जाणार असं पत्र आलं. त्या पत्रावर आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कुणाचाही आवाज चढला नाही. बाबांनी आधीच मामाशी बोलून ठेवलं होतं. मी पुण्याला जायचं, मामाकडे राहायचं, अकरावी-बारावी तिथे करायची.

"तिकडे शाळेच्या फाटकावर वॉचमन असतो," बाबा म्हणाले.

"वॉचमनचं काय घेऊन बसलात," आई म्हणाली. "दिवाळीत काय करणार आहे ती? चार दिवस कानात बोळे घालून बसेल? आणि अहो, तिला घरातून काढून तुम्ही तिला घरी पाठवताय म्हणता, तिचं घर कुठलं?"

बाबा माझ्याकडे वळले आणि ऑफिसात बोलत असावेत तसं, जर्मन शब्दाने सुरुवात करून बोलले. "आल्झो, केतकी. तू त्या इमारतीत जाऊ शकलीस, तर इथेच राहा. आबिटूर इथेच दे. नाही जमलं, तर मी तिकीट काढतो. जबरदस्ती दोन्हीकडून नाही."

आबिटूर म्हणजे इथली शाळेची शेवटची परीक्षा, आणि तिला अजून दोन वर्षं होती. मला पुण्याला जायचं नव्हतं. मामा-मामी प्रेमळ होते, पण तिथे प्रत्येक जण मला विचारणार होता की काय झालं गं, आणि मला ते प्रत्येकाला सांगावं लागणार होतं. इथे लेनाला काही सांगावं लागत नव्हतं. शिवाय लेनाने मला सांगून ठेवलं होतं की ती एकटी आत जाणार नाही. ती तिच्या आईबरोबर जाणार नव्हती, मानसोपचारतज्ज्ञ बाईंबरोबर जाणार नव्हती. माझ्याबरोबर जाणार होती. मी हो म्हटलं होतं.

त्या सोमवारी ऊन होतं. मी बसमधून उतरले तेव्हा लेना फाटकाच्या आत झाडाखाली उभी होती, दप्तर पुढे, पोटाशी धरलेलं. इमारतीचं दार नवं होतं. पिवळं रंगवलं होतं, कुणीतरी बैठक घेऊन ठरवलेला पिवळा. दाराशी शिक्षक उभे होते, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत होते. काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळे विचारत राहिले की कशामुळे. कुणी दार आपटलं नाही, कुणी ओरडलं नाही. लेनाने हात वर केला, मी तिच्याकडे चार-सहा पावलं गेले, आणि माझे पाय वळले. मी बसथांब्यावर थांबले नाही. गावापर्यंतच्या शेतांमधल्या सायकलच्या रस्त्याने चालत सुटले. मागे वळून पाहिलं नाही, त्यामुळे लेना किती वेळ उभी होती हे मला माहीत नाही. वाटेत मी मनातल्या मनात सामान भरत होते. कोट पुण्यात लागणार नाही. तो इथेच राहील.

जिन्याचं मोठं दार मी किल्लीने उघडलं. बाबांच्या रबरामुळे ते आवाज न करता मिटलं. बाबांनी ते आमच्या दारापुरतं न ठेवता घरमालकाची परवानगी काढून सबंध इमारतीला लावलं होतं. मी पहिल्या मजल्याच्या वळणावर आले आणि तो आवाज आला.

आधी एक. मग एकदम खूप.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. हे करायचं असं मी ठरवलं नाही. गुडघ्यांनी ठरवलं. आणि मी मोजू लागले. आवाज फ्राऊ केसलर यांच्या दारामागून येत होता. मला वाटलं, त्या गेल्या. खरंच वाटलं. सत्तरीच्या फ्राऊ केसलर स्वयंपाकघरात पडल्या आहेत आणि आता तो दार उघडून जिन्यात येणार. मला वर पळायचं होतं, वर आई होती. पाय हलेनात. आणि मग दाराखालच्या फटीतून वास आला. आधी हिंग. मग कढीपत्ता. माझे कान अजून त्या खोलीत होते, कपाटामागे, आणि नाक आमच्या घरात होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि मी मध्ये बसले होते. किती वेळ, ते पुन्हा सांगता येणार नाही.

दार उघडलं आणि आई बाहेर आली. अंगात घरातलाच गाऊन, एका हातात सांडशीने धरलेलं फोडणीचं कढलं, वर ताटली झाकलेली, काखेत डबा. तिच्यामागे फ्राऊ केसलर, हातात वाडगा. आईने मला पायरीवर पाहिलं आणि ती जिथे होती तिथेच राहिली. कढल्यात अजून चुरचुर चालू होती. तिने ताटली तळव्याने घट्ट दाबून धरली, जणू त्याने आवाज बंद होईल. ताटली तापलेली असणार. तिने हात काढला नाही.

"शाळा?" ती म्हणाली.

"नाही गेले."

फ्राऊ केसलर यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, म्हणाल्या की आता कळलंच आहे तर जिन्यात गारठू नका, आणि दार सताड उघडं ठेवून आत गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर जॅमच्या बाटलीत आमची मोहरी होती. शेजारी हळद, हिंगाची डबी. आई त्या ओट्याशी उभी राहून मला सांगत होती, माझ्याकडे न पाहता. बाबांना दुपारचा डबा लागतो, तो ती इथे फोडणी देऊन करते, दुसऱ्या दिवसासाठी. मी शाळेत गेले की ती खाली येते. पहिल्या दिवशी तिने जिन्यातच फ्राऊ केसलर यांना थांबवून खुणा करून विचारलं होतं. तोडक्या जर्मनमध्ये तिने एवढंच म्हटलं होतं की माझ्या मुलीला हा आवाज चालत नाही. फ्राऊ केसलर यांनी विचारलं होतं, "आणि वास?" आई म्हणाली होती, वास येईल. त्या म्हणाल्या, "मग खिडकी उघडू." पुढे त्या स्वतःच वाडगा घेऊन बसू लागल्या. पिवळं सूप, त्या म्हणत. मोहरीच्या बाबतीत त्या आता काटेकोर झाल्या होत्या. कमी पडली तर सांगायच्या.

"मला वाटलं, मोहरी टाकून दिलीस," मी म्हणाले.

"मोहरी कोण टाकतं?" आई म्हणाली. तिच्या तळव्यावर ताटलीच्या कडेचा लाल वळ उठला होता. फ्राऊ केसलर यांनी तिचा हात ओढून नळाखाली धरला.

मी त्या बाटलीकडे बघत होते. माझा कोट अंगावरच होता. लेना झाडाखाली दप्तर पोटाशी धरून उभी होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. "आई," मी म्हणाले, "वर कर. आपल्या घरात. मोहरी मी टाकते."

ती म्हणाली, नको. उद्या बघू. मी म्हणाले, उद्या मला शाळेत जायचंय, नाहीतर बाबा तिकीट काढतील. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने बाटली उचलली. आम्ही वर गेलो. फ्राऊ केसलर न बोलावता मागून आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसल्या. खुर्चीचा आवाज झाला नाही, त्यावर त्यांनी वाकून तिचे पाय तपासले.

आईने कढलं ठेवलं. तेल घातलं. मला म्हणाली, आधी एकच दाणा टाकून बघतात, तेल तापलं की नाही ते कळायला. हे मला माहीत होतं, पण ती सांगत होती आणि मी ऐकत होते. मी एक दाणा टाकला. तो नुसता बुडाशी फिरत राहिला. आम्ही तिघी त्या एका दाण्याकडे बघत होतो. दाणा फुटला आणि मी ओट्याची कड धरली. मी चिमूटभर टाकली आणि लगेच उंबऱ्यापर्यंत मागे गेले, फ्राऊ केसलर यांच्या गुडघ्यांना आपटले. त्यांनी माझी पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. पुढे ढकललं नाही, मागेही ओढलं नाही. आवाज सुरू झाला, वाढला, विरळ झाला, थांबला. थांबल्यावर मला कळलं की तो थांबतो. हे लिहिताना फार साधं दिसतं. पण त्या सकाळपासून माझ्या डोक्यात तो थांबलेला नव्हता.

आईने हिंग टाकला, गॅस बंद केला आणि म्हणाली, "परत?"

मी म्हणाले, परत. त्या दुपारी आम्ही वरणाला फोडणी दिली, काकडीला दिली, बटाट्याच्या भाजीला दिली, ताकाला दिली, आणि काहीच उरलं नाही तेव्हा फ्राऊ केसलर यांच्या कालच्या सूपला दिली. मध्ये एकदा मी न्हाणीघरात जाऊन ओकले. परत आले. दर वेळी मोहरी मी टाकली, कारण माझ्या हातातून गेलेली असली की ती कधी उडणार ते मला कळायचं. छतावरची धुराची घंटा बाबांनी इतकी चांगली बसवली होती की ती वाजेल म्हणून आईने तिच्यावर आधीच माझी लोकरी टोपी चढवली होती.

बाबा कामावरून आले तेव्हा जिन्यातच वास होता. ते दारात बूट न काढता उभे राहिले. टोपीकडे पाहिलं, आईच्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना शाळेतून फोन गेला होता, म्हणजे मी आत गेले नाही हे त्यांना माहीत होतं. मग ते पानावर बसले, वरणाचा पहिला घास घेतला आणि आईला विचारलं, "आजचं कुठल्या मजल्यावरचं?"

"आपल्याच," आई म्हणाली.

ते जेवत राहिले. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांनी तिकीट कधी काढलं होतं का, की नुसतं म्हणाले होते, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि आईला विचारलं तर ती म्हणते, तू वरण संपव.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर पिशवीत न घालता स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला कोट मी तिथून घेतला. बसमध्ये शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली. लेना फाटकाच्या आत त्याच झाडाखाली होती. ती माझ्यावर रागावलेली होती, आणि तिला तो हक्क होता. मी जवळ गेले तरी ती दाराकडेच बघत राहिली.

"काल तू गेलीस," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

आम्ही उभ्या राहिलो. बाकीचे आत गेले. घंटा झाली. ती आम्हाला दोघींनाही नको होती आणि ती होऊन गेली. मग वाऱ्याची दिशा बदलली असेल, किंवा मी हात हलवला असेन. लेनाने मान वळवली. माझी बाही तिने दोन बोटांनी उचलली, नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. तिने दुसऱ्या हाताने दप्तर खांद्यावर घेतलं. पिवळं दार जड होतं, मला ते खांद्याने ढकलावं लागलं, कारण माझा एक हात लेनाकडे होता.